तक्रार दारातच अडू नये म्हणून: गावातून सरकारविरुद्ध मानवी हक्कांची तक्रार कशी करावी

यवतमाळ जिल्ह्यात मी लोकांना अर्ज लिहून देते. तालुका विधी सेवा समितीची स्वयंसेवक म्हणून सुरुवात केली, आता लोक थेट घरी येतात. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात एक माय पन्नीच्या थैलीत कागद घेऊन आली. तिच्या मुलाला चोरीच्या संशयावरून ठाण्यात दोन रात्री ठेवलं होतं आणि तिसऱ्या दिवशी मोडलेल्या हातानं घरी पाठवलं होतं. अटकेची नोंद कुठेच नव्हती. थैलीत सात अर्ज होते: ठाणेदारांना, एसपी साहेबांना, तहसीलदारांना, अगदी पालकमंत्र्यांनाही. एकावरही आवक शिक्का नव्हता. घटनेला चौदा महिने झाले होते. "आता आयोगाले लिवून द्या ना ताई," ती म्हणाली. मी लिहून दिलं. मुदतीच्या मुद्द्यावर ते परत आलं. पोराचा हात मोडला की नाही, कोणी मोडला, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

त्यानंतर मी मानवी हक्क आयोगांचा कायदा नीट वाचायला लागले, आणि जगात इतरत्र लोक आपल्याच सरकारविरुद्ध तक्रार कशी करतात तेही वाचलं. एक गोष्ट सगळीकडे सारखी निघाली. तुमच्यावर अन्याय झाला का, हे कोणताही आयोग किंवा न्यायालय आधी बघत नाही. ही तक्रार आपण ऐकू शकतो का, हे ते आधी बघतात. बहुतेक तक्रारी इथेच मरतात. म्हणून खालचं सगळं या पहिल्या चाळणीतून पार कसं पडायचं याबद्दल आहे.

देशाबाहेर जाता येतं का?

हा प्रश्न तरुण पोरं हमखास विचारतात. युरोपातल्या माणसाला येतं. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला १९५९ पासून युरोपीय मानवी हक्क न्यायालय आहे आणि ४६ देशांविरुद्ध तिथे तक्रार करता येते. अमेरिका खंडांसाठी वॉशिंग्टनला आयोग आहे आणि कोस्टा रिकातल्या सान होसेला न्यायालय. आफ्रिकेचा आयोग गांबियातल्या बांजुलला आणि न्यायालय टांझानियातल्या अरुशाला बसतं.

आशियात असं काही नाही. आसियान देशांनी २००९ मध्ये एक आयोग नेमला, पण एखाद्या माणसाची तक्रार घेऊन त्यावर निकाल द्यायची सोय त्यात नाही. सार्कची तर सनदच द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवते. संयुक्त राष्ट्रांचा नागरी आणि राजकीय हक्कांचा करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला. मात्र ज्या जोड-कराराच्या आधारे सामान्य माणूस थेट तिथल्या समितीकडे दाद मागू शकतो, तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपली खरी जागा देशातच आहे: मुंबईचा महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग, दिल्लीचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, आणि उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. दोन्ही आयोग १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमानुसार चालतात.

तरी बाहेरच्या त्या संस्थांकडे बघण्यासारखं आहे. पन्नास-साठ वर्षांत त्यांनी तक्रारीचं शास्त्र घडवलंय, आणि आपल्या तक्रारी कुठे कच्च्या राहतात हे त्यांच्या नियमांत लख्ख दिसतं.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कुणाविरुद्ध?

मानवी हक्कांची तक्रार सरकारविरुद्ध असते. भाऊबंदकीतला धुऱ्याचा वाद, शेजाऱ्यानं केलेली मारहाण, नोकरीतली बदली, मालकाशी मजुरीचा तंटा, हे आयोग घेत नाही. तक्रार लोकसेवकाविरुद्ध हवी: पोलीस, वनरक्षक, तलाठी, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, आश्रमशाळेचा अधीक्षक.

पण इथे लोक घाईनं हात टेकतात. कायद्याच्या कलम १२ मध्ये दोन गोष्टी आहेत. एक, लोकसेवकानं स्वतः हक्क तुडवणं किंवा तुडवणाऱ्याला साथ देणं. दुसरी, हक्क तुडवले जात असताना ते रोखण्यात हयगय करणं. ही दुसरी गोष्ट गावात कुणाला माहीत नसते, आणि गावाकडच्या निम्म्या तक्रारी त्याच प्रकारच्या असतात.

होंडुरास देशात १९८१ मध्ये एका विद्यार्थ्याला उचलून नेलं, तो पुन्हा दिसलाच नाही. १९८८ मध्ये सान होसेच्या न्यायालयानं या प्रकरणात जे ठरवलं ते आजही जगभर आधाराला घेतात. उचलणारा कोण होता हे पक्कं कळलं नाही तरी, गुन्हा होऊ नये म्हणून प्रामाणिक प्रयत्न करणं, झाल्यावर तपास करणं आणि दोषीला शिक्षा देणं हे राज्याचं काम आहे. ते केलं नाही तर राज्य जबाबदार.

आता हे आपल्या गावात आणा. सावकाराच्या माणसांनी वावरात येऊन एखाद्या कास्तकाराला मारलं, तर सावकाराविरुद्ध आयोगाकडे जाऊन उपयोग नाही. पण तो कास्तकार तीनदा ठाण्यात गेला आणि तिन्ही वेळा गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर ती तक्रार ठाण्याविरुद्ध होते आणि आयोगाच्या कक्षेत येते. वावरावरून लोंबणारी वीजतार माणसाच्या जिवावर बेतली, तर फक्त अपघात म्हणून लिहू नका. तार लोंबते असा अर्ज वीज कार्यालयात आधी कुणी दिला होता का, ते शोधा. असेल तर हयगयीचा पुरावा तुमच्या हातात आहे.

दुसरी पायरी: तारीख लिहा, आणि मोजा

घटनेपासून एक वर्ष. कायद्याचं कलम ३६ दोन्ही आयोगांना बांधून ठेवतं: त्यापेक्षा जुन्या गोष्टीची चौकशी करता येत नाही. बाहेर मुदत आणखी कमी आहे. स्ट्रासबुर्गला शेवटच्या देशी निकालानंतर सहा महिने मिळायचे, १ फेब्रुवारी २०२२ पासून चारच मिळतात. अमेरिका खंडांच्या आयोगात सहा महिने. आफ्रिकेत 'वाजवी वेळ' एवढंच म्हटलंय.

अन्याय अजून चालूच असेल तर तसं ठळक लिहा. माणूस अजून बेपत्ता आहे, घर पाडल्यावर पुनर्वसन आजपर्यंत मिळालं नाही, अशा वेळी एक तारीख लिहून थांबू नका. 'तेव्हापासून आजतागायत' असं लिहा. वर सांगितलेल्या खंडांच्या प्रादेशिक न्यायालयांनी चालू राहिलेल्या उल्लंघनाचा हा विचार वर्षानुवर्षं मान्य केलाय. आपल्याकडे तो प्रत्येक वेळी चालेलच असं नाही, पण मांडला नाही तर कुणी आपणहून बघणार नाही.

माझा नियम साधा आहे. नवव्या महिन्यापर्यंत तक्रार गेलीच पाहिजे. पेरणी, सोंगणी, लग्न, काहीही असो.

तिसरी पायरी: कागद

लोक म्हणतात, "कागद त त्यायनं घेतलाच नाही ताई." खरं आहे, घेत नाहीत. म्हणून अर्ज हातात देऊन परत यायचं नाही. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मागा. शिक्का दिला नाही तर वाद घालू नका. त्याच दिवशी डाकघरात जा, तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पावती अर्जाला टाचा आणि ऑनलाइन पोच निघाली की तिचा प्रिंट काढून ठेवा. त्या मायच्या थैलीतल्या सात अर्जांपैकी एकाला जरी अशी पावती असती तरी तिचं म्हणणं पाच महिने आधीच कुठेतरी नोंदलं गेलं असतं.

पोलिसांच्या मारहाणीत सगळ्यात मोलाचा कागद दवाखान्यातून मिळतो. ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ही मारहाणीची केस आहे, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे गुन्ह्याशी संबंधित जखमेची दवाखान्यातली नोंद) नोंदवा. 'पडलो' म्हणून सांगितलं की खेळ तिथेच संपतो, आणि पोलीस सोबत असले की माणूस घाबरून नेमकं तेच सांगतो. एक्स-रे, केसपेपर, औषधाची चिठ्ठी, सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये आणि एका नातेवाइकाच्या मोबाइलमध्येही ठेवा.

अटक दाखवली असेल तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हे राज्यघटनेतच आहे. तिथे आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? हे एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात आणि 'तक्रार नाही' अशी नोंद होते. पुढे दोन वर्षांनी आयोगात हीच नोंद पोलीस दाखवतात. घरच्यांनी भेट मिळताच त्याला बजावून सांगायला हवं: साहेबांनी विचारलं की बोल, जखम दाखव.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरणही मागता येतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण १८ महिने जपायला सांगितलं. ठाण्यात बळाचा वापर होऊन गंभीर दुखापत झाली तर माणूस राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाऊ शकतो आणि आयोग ते चित्रीकरण लगेच मागवू शकतो, असंही त्याच निकालात आहे. तुमच्या तक्रारीत तारीख, वेळ आणि 'हे चित्रीकरण तातडीनं जप्त करावं' ही ओळ असू द्या.

उरलेलं माहिती अधिकारातून काढा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राचे नियम असे आहेत. उत्तर ३० दिवसांत, आणि जीव किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. ठाणे दैनंदिनीतली त्या तारखांची नोंद मागा. नोंद नाही असं लेखी उत्तर आलं तरी ते कामाचं आहे, कारण दोन रात्री माणूस तिथे होता हे सांगणारे साक्षीदार तुमच्याकडे आहेत.

पेपरमधल्या बातमीचं कात्रण जोडायला हरकत नाही, पण फक्त कात्रणावर तक्रार उभी करू नका. आफ्रिकेच्या मानवी हक्क सनदेच्या कलम ५६ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय: केवळ माध्यमांतल्या बातम्यांवर आधारलेली तक्रार चालत नाही. त्याच कलमात आणखी एक अट आहे, भाषा अपमानकारक नसावी. हे वाचून मला आपल्याकडचे कितीतरी अर्ज आठवले. 'हरामखोर ठाणेदार' असं लिहिलेला अर्ज मी स्वतः तीनदा नव्यानं लिहून दिलाय. राग खराच असतो. पण त्या एका शब्दानं अर्ज वाचणाऱ्याचं लक्ष मोडलेल्या हातावरून तुमच्या तोंडाकडे जातं.

चौथी पायरी: आयोग आधी की कोर्ट आधी?

परदेशात आणि आपल्याकडे इथेच मोठा फरक आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

स्ट्रासबुर्ग, वॉशिंग्टन, बांजुल, तिघेही पहिल्यांदा विचारतात: आपल्या देशातल्या कोर्टात गेला होतात का? देशातले उपाय आधी संपवून यावे लागतात. कारणही पटण्यासारखं आहे, चूक दुरुस्त करायची पहिली संधी त्या देशाला द्यायची. त्याला अपवादही आहेत. उपाय नुसता कागदावर असेल, तिथपर्यंत पोचूच दिलं नसेल, किंवा खटला अकारण रखडला असेल, तर ही अट लागत नाही.

आपला आयोग उलट आहे. कोर्टात आधी जाऊन या असं तो म्हणत नाही. उलट तोच विषय कोर्टात चालू असेल तर आयोग सहसा हात घालत नाही. म्हणजे घाईघाईत कुणी वकिलानं याचिका टाकली की आयोगाचा रस्ता बंद होऊ शकतो. दोन्ही आयोगांकडे एकदम पाठवणंही नुकसानीचं: एकाकडे विषय चालू असेल तर दुसरा घेत नाही. 'जास्त ठिकाणी पाठवलं की कुठेतरी लागेल' हा गावाकडचा हिशेब इथे अंगलट येतो.

मग निवड कशी करायची? माणूस अजून कोठडीत असेल किंवा जिवाला धोका असेल, तर आयोगाची वाट बघू नका. नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करा. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. घटना होऊन गेली असेल, भरपाई, चौकशी आणि जबाबदारी हवी असेल, आणि पैसा नसेल, तर आयोग. आयोगाला फी नाही, वकील लागत नाही.

पाचवी पायरी: लिहिणं

दोन पानांपेक्षा जास्त नको. मराठी चालते, राष्ट्रीय आयोगही आठव्या अनुसूचीतल्या भाषांत तक्रार घेतो. स्वतःचं नाव, गाव आणि सही हवीच, निनावी तक्रार सहसा फेकली जाते. पीडितानं स्वतः लिहिलंच पाहिजे असं नाही, त्याच्या वतीनं दुसरा माणूस लिहू शकतो. मी साधारण असं लिहिते:

"मी अमुक, वय ५२, रा. अमुक, ता. अमुक, जि. यवतमाळ. माझा मुलगा, वय २३, शेतमजूर. दि. १२ जून रोजी रात्री ९ च्या सुमारास अमुक ठाण्याचे दोन पोलीस कर्मचारी घरी आले व कारण न सांगता त्याला घेऊन गेले. शेजारी अमुक व अमुक हजर होते. दि. १३ रोजी मी ठाण्यात गेले असता मला भेटू दिले नाही. दि. १४ रोजी दुपारी त्याला सोडले. त्याचा डावा हात मोडलेला होता. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात एमएलसी नोंद झाली, प्रत सोबत जोडली आहे. त्याला अटक केल्याचा कोणताही कागद आम्हाला दिला नाही व २४ तासांत न्यायालयापुढे हजर केले नाही. दि. २० रोजी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केला, पोच सोबत आहे, उत्तर मिळाले नाही. हा विषय कोणत्याही न्यायालयात किंवा अन्य आयोगात प्रलंबित नाही. मागणी: १) ठाण्यातील दि. १२ ते १४ जूनचे सीसीटीव्ही चित्रीकरण तातडीने मागवावे. २) स्वतंत्र चौकशी व्हावी. ३) दोषींवर गुन्हा नोंदवण्याची शिफारस व्हावी. ४) भरपाई व तोपर्यंत उपचाराच्या खर्चासाठी अंतरिम मदत मिळावी."

तारखा एकामागून एक. विशेषणं नाहीत. 'प्रलंबित नाही' ही ओळ विसरू नका. मागणीतला तिसरा आणि चौथा मुद्दा कायद्याच्या कलम १८ मध्ये बसतो: भरपाई, कारवाई, आणि चौकशी चालू असताना अंतरिम मदत, या तिन्हींची शिफारस आयोग करू शकतो.

सहावी पायरी: पाठवणं

राज्य आयोगाचं कार्यालय मुंबईत आहे, तिथे स्पीड पोस्टानं पाठवा. राष्ट्रीय आयोगाकडे एचआरसीनेट या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येते. गावातल्या सीएससी केंद्रातूनही (ऑनलाइन सरकारी कामं करून देणारं सेवा केंद्र) ती भरता येते, आणि चौकशीसाठी १४४३३ हा क्रमांक आहे. मूळ कागद कधीच पाठवू नका, झेरॉक्स पाठवा. प्रकरण क्रमांक आला की तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं.

सातवी पायरी: आत काय होतं आणि तुम्ही काय करायचं

स्ट्रासबुर्गमध्ये उघड न टिकणारा अर्ज एकटा न्यायाधीशच निकाली काढतो, आणि त्यावर दाद नाही. पुढे गेलेला अर्ज तीन किंवा सात न्यायाधीशांपुढे, क्वचित सतरा जणांच्या मोठ्या पीठापुढे जातो. मग तो सरकारला कळवून उत्तर मागवतात. आपल्या आयोगातही क्रम फार वेगळा नाही. आधी चाळणी. मग संबंधित खात्याकडून अहवाल मागवतात. तो आला की तुमचं म्हणणं विचारलं जातं.

लोक गप्प बसतात ते इथेच. पोलिसांच्या अहवालात हमखास लिहिलेलं असतं की मुलगा पळताना पडला. घरी ते पत्र येतं, कुणाला वाचता येत नाही, महिना जातो आणि तक्रारदाराला काही म्हणायचं नाही असं धरून प्रकरण बंद होतं. म्हणून आयोगाचं पत्र आलं की त्याच आठवड्यात कुणाला तरी दाखवा. उत्तर मुद्द्याला मुद्दा द्या: अहवाल म्हणतो पडला, तर एमएलसीत कोणत्या अवयवावर, कशा जखमा लिहिल्यात ते बघा, पळताना पडला तर कुठे, कधी, आणि तेव्हा तो कुणाच्या ताब्यात होता ते विचारा.

दुसरं एक पत्र येतं, त्यात असतं की तक्रार संबंधित अधिकाऱ्याकडे योग्य कारवाईसाठी पाठवून निकाली काढली. हे वाचून माणूस खचतो. पण त्या पत्राची प्रत घेऊन एसपी कार्यालयात जा, आयोगाच्या निर्देशावर काय केलं ते लेखी मागा, नाहीतर माहिती अधिकार लावा.

आयोगाला साक्षीदार बोलावणं, शपथेवर तपासणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तुम्ही आयोगापुढे दिलेला जबाब, खोटी साक्ष सोडली तर, तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. लोकांना ही भीती असते, म्हणून मुद्दाम सांगते.

निकाल मात्र शिफारस असतो. सरकारनं एका महिन्यात, किंवा आयोग देईल त्या वाढीव मुदतीत, काय केलं ते कळवायचं असतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२१ मध्ये आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक असल्याचं म्हटलं, पण तो आपल्या उच्च न्यायालयाचा निकाल नाही. शिफारस पाळली गेली नाही तर आयोग स्वतः न्यायालयात जाऊ शकतो, आणि तुम्हीही नागपूर खंडपीठात जाऊ शकता. युरोपात निकाल पाळला जातो का यावर सदस्य देशांची मंत्री समिती लक्ष ठेवते. अमेरिका खंडांत सान होसेचं न्यायालय स्वतः लक्ष ठेवतं. आपल्याकडे ते लक्ष तक्रारदारालाच ठेवावं लागतं, महिन्याला एक स्मरणपत्र, पोच घेऊन.

या काळात घरी माणसं येतात. "मिटवून टाका, पोराले नोकरी लावून देतो." प्रादेशिक आयोगांतही समझोता होतो, पण तो आयोगासमोर होतो, लिहिला जातो आणि हक्कांना धरून आहे का ते तपासलं जातं. चहाच्या टपरीवर कोऱ्या कागदावर सही करू नका. समझोता हवाच असेल तर आयोगाला कळवून करा.

गडचिरोलीसाठी वेगळं

पोलीस राज्याचे असतील, अगदी नक्षलविरोधी सी-६० पथकाचे, तरी वरचाच रस्ता. पण तक्रार केंद्रीय राखीव दलासारख्या केंद्राच्या सशस्त्र दलाविरुद्ध असेल तर राज्य आयोगाकडे पाठवून महिने घालवू नका. ती राष्ट्रीय आयोगाकडे जाते, आणि तिथेही कलम १९ खाली आयोग स्वतः नेहमीसारखी चौकशी करत नाही. केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो आणि त्यावर शिफारस करतो. म्हणून इथे तुमचे स्वतःचे कागद आणि साक्षीदार दुप्पट महत्त्वाचे. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायलाच दोनशेच्या वर किलोमीटर पडतात, हे मला ठाऊक आहे. ग्रामसभेनं ठराव करून घटनेची तारीख, वेळ आणि पाहिलेल्यांची नावं त्याच आठवड्यात नोंदवली तर तो कागद जवळच तयार होतो.

ग्रामसभेचा ठराव जंगल आणि विस्थापनाच्या तक्रारीतही कामी येतो. केनियातल्या एंडोरोइस समाजाला अभयारण्यासाठी १९७० च्या दशकात बोगोरिया तळ्याकाठून हलवलं होतं. आफ्रिकेच्या आयोगानं त्यांच्या बाजूनं निर्णय दिला आणि २०१० मध्ये तो जाहीर झाला. मेळघाटातल्या कोरकू गावांना त्यात स्वतःची गोष्ट दिसेल. तो निर्णय भारतावर बंधनकारक नाही, पण तो समाज टिकला कशावर? पिढ्यान्‌पिढ्या तिथे देवस्थान, चराई आणि दफनाची जागा आहे हे त्यांनी सामूहिकपणे मांडलं. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि ठराव हे काम करतात. आयोगाकडे जाताना ते जोडा.

संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे एकेका विषयासाठी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, मात्र कुणाचीही माहिती घेतात. भारतानं जोड-करार स्वीकारला नसला तरी, कोर्टात खटला चालू असला तरी. ते निकाल देत नाहीत, सरकारला पत्र लिहून उत्तर मागतात. इंग्रजीत लिहावं लागतं, आणि पीडिताची संमती आहे हे नमूद करावं लागतं. नाव पुढे जाऊन गावात त्रास होणार असेल तर तसं आधीच लिहा.

वर्ष उलटून गेलं असेल तर

त्या मायचा प्रश्न हाच होता. आयोगाचं दार बंद झालं, पण फौजदारी कायद्यात हाड मोडणं ही जबर दुखापत आहे. ती जाणूनबुजून केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घेण्याची मुदत लागत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे खासगी फिर्याद करता येते. पोलीस लोकसेवक असल्यानं सरकारच्या पूर्वमंजुरीचा मुद्दा निघतो, त्याला वकीलच हवा. उच्च न्यायालयात भरपाईची याचिकाही करता येते. सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये ओडिशातल्या एका कोठडी मृत्यूत आईला भरपाई दिली होती, तीही तिनं पाठवलेल्या पत्राला याचिका मानून. उशीर का झाला हे मात्र तारखांसह सांगावं लागतं.

आम्ही विधी सेवा समितीकडून वकील घेतला. दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरमधून एमएलसीची नक्कल निघाली, त्यावर घटनेच्या तिसऱ्या दिवसाची तारीख होती. फिर्याद दाखल झाली आहे. तारखेच्या दिवशी माय सकाळच्या एसटीनं येते. आता तिच्या थैलीत तीन फायली असतात, आणि प्रत्येक कागदाला पावती टाचलेली असते.